सात मिनिटं बाकी, आपण एकाने पुढे

पहाटे पावणेसहा

रात्रभर पाऊस झाला की सकाळचं पहिलं काम म्हणजे मैदानात बूट रुतवून बघणं. माळव्याची काळी माती पाणी सोडत नाही आणि बूटही सोडत नाही. शाळेचं मैदान पश्चिमेकडे जरा उतरतं, त्यामुळे तिकडच्या गोलसमोर तळं, मधोमध चिखल आणि क्रिकेटच्या नेटकडची बाजू बऱ्यापैकी कोरडी, असा हिशेब जुलैभर चालतो. बॉल कमरेच्या उंचीवरून सोडून बघायचा. कोरड्या बाजूला तो गुडघ्यापर्यंत उसळला. मधोमध पडला तिथेच बसला. म्हणजे आज जमिनीवरून लांब पास विसरा. जे काही करायचं ते कोरड्या अर्ध्यात. चुन्याच्या रेघा वाहून गेल्यात. माळीकाका दुपारी पुन्हा मारून देतील, पण ओल्या मातीत चुना तासभरही तग धरत नाही, तेव्हा हद्दीला प्लॅस्टिकचे कोन.

पुढच्या आठवड्यात सुब्रतो कपचे जिल्ह्याचे सामने आहेत. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून चालत आलेली ही शाळांची स्पर्धा. इथून निघालं की संभाग, मग राज्य आणि मग दिल्ली. आमच्या जिल्ह्यातच महू येतं, आणि महूच्या शाळांशी गाठ पडली की घाम निघतो. छावणीचं गाव ते. तिथली पोरं फौजी मैदानांच्या कडेला उभी राहून मॅच बघत मोठी झालेली असतात, त्यामुळे कधी धावायचं आणि कधी थांबायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या पोरांचं नेमकं तिथेच अडतं. पासिंग येतं, ड्रिबल येतं, रिकाम्या गोलवर वीस यार्डांवरून कोपऱ्यात बॉल मारता येतो. पण सात मिनिटं बाकी आहेत, आपण एकाने पुढे आहोत आणि आपल्याच कॉर्नरच्या झेंड्याजवळ समोरच्यांना थ्रो मिळालाय, अशा वेळी अकरा जण अकरा वेगवेगळ्या मॅच खेळत असतात. एकाला दुसरा गोल हवा असतो, एकाला वाटतं मॅच संपली, आणि गोली घड्याळाकडे बघत असतो. म्हणून गेल्या मोसमापासून सरावाचा मोठा भाग मी अशा प्रसंगांवरच बेततो. पोरं त्याला 'सीन' म्हणतात. गेटवर भेटली की पहिला प्रश्न तोच, "सर, आज कौन सा सीन है?"

सव्वासात

पोहे, वर शेव, जिरावन. समोर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड, चिखलाच्या हातांनीही फाटत नाही. आईने वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या या पत्रिकांना अखेर उपयोग सापडला.

एका कार्डावर चारच गोष्टी लिहायच्या. स्कोअर, उरलेली मिनिटं, बॉल कुठे आणि कुणाकडे, दोन्ही बाजूंना माणसं किती. पाचवी गोष्ट लिहायचा मोह होतो, ती म्हणजे 'काय करायचं'. ती लिहिली की कार्ड वाया गेलं. उत्तर पोरांनी शोधायचं असतं, कारण मॅचमध्ये मी रेघेबाहेर असणार आणि पावसात माझा आवाज पलीकडच्या विंगरपर्यंत पोचत नाही.

आजच्यासाठी तीन कार्डं काढली. पहिलं थ्रोचं. दुसरं, आताच गोल खाल्लाय आणि पुढची तीन मिनिटं. तिसरं, आपण दहाच उरलोय. तीनापेक्षा जास्त कधीच काढत नाही. हौशी कोच एका संध्याकाळी आठ-आठ प्रसंग उरकतात. पोरं घरी जातात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकही नसतो. एक प्रसंग निदान तीनदा खेळला पाहिजे. पहिल्यांदा गोंधळ होतो, दुसऱ्यांदा भांडण होतं, तिसऱ्यांदा खेळ होतो. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं आणि मधे दोन मिनिटं पाणी धरलं तर तासाभरात दोन प्रसंग नीट बसतात, तिसरा जेमतेम.

आठ ते अकरा

सहावीचा तास, मग आठवीच्या दोन तुकड्या. पावसाने हॉलमध्ये. योगासनं, दोरीउड्या, एक पडलेला दात (दुधाचा होता, घाबरायचं कारण नव्हतं).

अकरा वीस

हा तास मोकळा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात वही उघडतो.

ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकत असताना एका सरांनी आम्हाला बंकर आणि थॉर्प ही दोन नावं सांगितली होती. डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प, इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले. त्यांनी १९८२ मध्ये शाळांसाठी एक पद्धत मांडली. मुलांना आधी तंत्र घोटवायचं आणि मग खेळायला सोडायचं, हा उलटा मार्ग आहे असं त्यांचं म्हणणं. आधी छोट्या स्वरूपात खेळ द्या, खेळता खेळता मुलांना अडचण जाणवू द्या, आणि मग त्या अडचणीपुरतं तंत्र शिकवा. ट्रॅपिंग कशासाठी हे ज्याला माहीत नाही, त्याने शंभर ट्रॅप केले तरी ते मैदानात नेऊन काय करणार?

आपल्याकडे हे वीस-पंचवीस वर्षं आधी एक शाळामास्तर करत होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. रहीम साहेबांच्या स्पर्धांना चमत्कारिक नियम असत. कधी ड्रिबल करायचंच नाही, बॉल आला की एका टचमध्ये द्यायचा. कधी फक्त कमजोर पायाने खेळायचं. नियमच असा की 'पास लवकर दे' हे कुणी ओरडून सांगायची गरज उरत नाही. त्यांच्याच हाताखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. मुंबईकडून खेळणारा मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसूझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली ती तेव्हाचीच. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक.

पण माझ्या कामाचा प्रसंग १९६२ चा, जाकार्ताच्या आशियाई खेळांचा. बचावाचा कणा असलेल्या जर्नैल सिंगचं डोकं फुटलेलं, टाके पडलेले. बॅकला उभं करावं तर प्रत्येक उंच बॉल डोक्यानेच काढावा लागणार. रहीम साहेबांनी त्याला बसवलं नाही, सेंटर फॉरवर्डला पाठवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलचा, आणि २–१ ने सुवर्णपदक. जर्नैलच्या धाडसाबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्यात दुसरंही दिसतं. बॅकचा माणूस पुढे गेला तेव्हा मागे राहिलेल्यांना आपली जागा भरायची सवय आधीपासून असणार. नाहीतर एक बदल झाला की बाकी दहा जणांचं गणित विस्कटतं.

वहीत लिहून ठेवतो: दहा माणसांच्या कार्डात आपला डावा बॅक पुढे पाठवून बघायचा. त्याला हेडर येतो आणि त्याला कुणी धरत नाही.

साडेबारा

डबा उघडला आणि बेत कोसळला. बायोलॉजीच्या मॅडम दारात.

"सर, तुमचे अकरावीचे दोघं आज प्रॅक्टिकलला थांबतील. फाईल अपुरी आहे."

"मॅडम, पाचपर्यंत सोडाल?"

"साडेपाच. तेही फाईल पूर्ण झाली तर."

त्याआधी दोघांनी भंवरकुआंच्या कोचिंगची वेळ बदलल्याचं सांगितलंय. एकाला ताप. म्हणजे एकोणीसातून उरले चौदा. एवढ्यात आठ विरुद्ध सहा, नाहीतर सात-सात. इंदुरात अकरावी-बारावीच्या टीमला शिकवायचं तर फॉर्मेशनच्या आधी कोचिंगचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. देशभरातली पोरं या शहरात क्लाससाठी येऊन राहतात. इथल्याच पोरांनी संध्याकाळी मैदानावर यावं ही अपेक्षा अनेक पालकांना उधळपट्टी वाटते. भांडून उपयोग नसतो. मी फक्त एवढं बघतो की ज्या प्रसंगाला जो पोरगा लागतो तो ज्या दिवशी येणार असेल त्या दिवशीच तो प्रसंग ठेवायचा.

त्या हिशेबाने दहा माणसांचं कार्ड आज बाद. उंच डावा बॅकच प्रॅक्टिकलला अडकलाय. त्याऐवजी गोलीचं आठ सेकंदांचं कार्ड, त्याला माणसं कमी लागतात.

दोन

शाळेच्या बस सुटल्या. बसने जाणारी टीममधली पोरं घरी जाऊन सायकलने परत येतात. त्यातली निम्मी परत येतानाच दमलेली असतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं मी कुणाला पळवत नाही.

साडेतीन

स्टोअररूम. बॉलमध्ये हवा भरणं मी कुणावर सोपवत नाही. नियमाने पाच नंबरचा बॉल सामना सुरू होताना ४१० ते ४५० ग्रॅमचा हवा आणि आतली हवा ०.६ ते १.१ वातावरणाच्या दाबाची. चिखलात बॉल पाणी पितो, जड होतो. मग पोरं जास्त जोर लावतात आणि दुसऱ्या दिवशी मांडी धरून बसतात. आज दाब खालच्या बाजूला. जिल्ह्याच्या सामन्यातही असाच ओला बॉल मिळणार आहे, तेव्हा सरावाला नवा कोरडा बॉल काढून स्वतःची फसवणूक कशाला करा.

बिब मोजली. निळी आठ, पिवळी सात. एक पिवळं दर महिन्याला नाहीसं होतं आणि ते कुठे जातं हे शाळेतलं जुनं कोडं आहे.

साडेचार

आकाश भरलंय पण पडत नाहीये. माझ्याबरोबर आमचाच एक माजी विद्यार्थी असतो, कॉलेजात शिकतो, जिल्ह्याच्या मॅचला लाईन्समन म्हणून उभा राहतो. त्याच्याकडे शिट्टी आणि झेंडा. माझ्याकडे काहीच नसतं. हे मुद्दाम आहे. हातात शिट्टी असली की ती वाजवावीशी वाटते.

नेटच्या भिंतीवर पाटी टांगली: निळे १, पिवळे ०, ७ मिनिटं. पहिलं कार्ड कॅप्टनच्या हातात. पिवळ्यांचा थ्रो, निळ्यांच्या पेनल्टी बॉक्सला लागून. पिवळ्यांकडे एक दांडगा पोरगा आहे, तो थ्रो सरळ गोलच्या तोंडाशी टाकतो.

पहिल्या वेळी पिवळ्यांचा फॉरवर्ड निळ्या बचावाच्या मागे, गोलीच्या जवळ जाऊन उभा राहिला. थ्रो आला, आणि निळ्यांच्या राईट बॅकने हात वर केला. ऑफसाइडचा. हात वर करून तो लाईन्समनकडे वळला, लाईन्समन झेंडा खाली धरून शांत उभा. तेवढ्यात बॉल छातीवर घेऊन फॉरवर्डने जाळ्यात सारला. राईट बॅकचा हात अजून वरच होता.

मी काही बोललो नाही. पाटीवर १–१ लिहिलं, पुसलं, पुन्हा १–०. कार्ड परत.

दुसऱ्या वेळी त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथून वळून त्याने शर्टाची बाही ओढली, जणू तीच ओढायची होती. पण उभा राहिला चुकीच्या बाजूला, फॉरवर्डच्या पुढे. सेंटर बॅक त्याच्यावर खेकसला, "अबे पीछे देख, पीछे!" पुन्हा गोल. मग रीतसर भांडण. गोलीचं म्हणणं, थ्रोवर एक जण बॉल टाकणाऱ्यासमोर उभा राहायला हवा. सेंटर बॅकचं म्हणणं, माणूस कमी पडतो. राईट बॅक गप्प. शेवटी त्यानेच विचारलं.

"सर, थ्रो पे ऑफसाइड होता ही नहीं ना?"

"कब से नहीं होता?"

"हमेशा से?"

१९२० पासून. त्याआधी थ्रोवरही ऑफसाइड धरत. हे सांगितलं तेव्हा तो हसला. शंभर वर्षं जुना नियम आपल्याला आज कळला म्हणून की काय. वर्गात हा नियम त्याने लिहिलेला आहे, मला त्याची वही आठवते. पण लिहिलेला नियम आणि सात मिनिटं उरलेली असताना हाताला माहीत असलेला नियम यांत बरंच अंतर असतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः ठरवलं. विंगर थ्रोवाल्यासमोर, नियमाप्रमाणे दोन मीटर सोडून, हात वर करून उड्या मारत. राईट बॅक फॉरवर्ड आणि गोल यांच्या मधे. दांडग्या पोराचा थ्रो खाली पडला, दोघांच्या पायांत अडकला, आणि सेंटर बॅकने तो थेट क्रिकेटच्या नेटवर धाडला. दिसायला अगदी गबाळं. पण चिखलात, एकाने पुढे असताना, बॉक्ससमोरून बॉल बाहेर गेला ना, मग दिसायचं कुणाला आहे!

एक गोष्ट मी शिकवत नाही. पुढे असलो की पाय धरून लोळायचं. काही टीम हे रीतसर शिकवतात आणि शाळेच्या मॅचमध्ये रेफ्री फसतातही. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेब वाईट आहे. मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूला साधारणपणे बाहेर जावं लागतं आणि खेळ सुरू झाल्यावर रेफ्रीने खूण केली तरच परत येता येतं. म्हणजे नाटक करून ज्या क्षणाला पुढे जायचं होतं, त्याच क्षणाला आपण एक माणूस कमी.

सव्वापाच

दुसरं कार्ड सगळ्यांचं नावडतं. मी म्हणतो, "गोल झाला," आणि गोल झाल्याचं धरायचं. बॉल जाळ्यात नसला तरी जाळ्यातून काढायचा, मध्यावर न्यायचा, आणि पुढची तीन मिनिटं खेळायची.

हे कार्ड २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमुळे आलं. ती मॅच सगळ्यांनी पाहिलीय, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही. ८० व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २–० ने पुढे. मग एम्बाप्पेची पेनल्टी, आणि ९७ सेकंदांत त्याचाच दुसरा गोल. जगातली सर्वात अनुभवी माणसं मैदानात होती आणि त्यांनाही पहिल्या गोलनंतरचं दीड मिनिट सांभाळता आलं नाही. मग सोळा वर्षांच्या पोरांकडून काय मागायचं?

एवढंच मागायचं: त्या मिनिटाला मागच्या गोलबद्दल कुणी बोलायचं नाही. आमच्याकडे गोल खाल्ला की लगेच "तेरा आदमी था" सुरू होतं. म्हणून आजचा खास नियम असा की तीन मिनिटांच्या आत कुणी झालेल्या गोलचा हिशेब काढला तर समोरच्यांना तिथूनच फ्री किक. पिवळ्यांनी पहिल्याच फेरीत अशा दोन फ्री किक दिल्या. दुसरी तर "मैंने तो कुछ बोला ही नहीं" असं म्हणाल्याबद्दल. लाईन्समनने त्यावरही शिट्टी मारली. कडक आहे तो, मला आवडलं.

किक-ऑफ कुठे मारायचा याचाही गोंधळ. २०१६ पासून किक-ऑफ कुठल्याही दिशेला मारता येतो, मागेही. पण पोरं बघतात तो गल्लीतला फुटबॉल, तिथे अजून दोघं मधे उभे राहून बॉल पुढे टिचकवतात. मागे सेंटर बॅककडे दिला की समोरची पूर्ण टीम आपल्याला दिसते आणि श्वास घ्यायला तीन-चार सेकंद मिळतात. कॅप्टनने तिसऱ्या फेरीत हे स्वतःहून केलं. त्याने आणखी एक केलं. बॉल घेऊन मध्यावर येताना तो धावला नाही, चालला. हरत असताना चालणं मला खटकलं, तोंडापर्यंत शब्द आलेही. पण पाटीवर १–१ होतं. बरोबरी झालेली, आपण हरत नव्हतो. त्याने पाटी वाचली होती.

पावणेसहा

प्रॅक्टिकलवाले दोघं धावत आले, हातांना शाई. त्यांना थेट आत घेतलं.

आता गोलीचं कार्ड. २०२५ च्या जुलैपासून नियम बदललाय. गोलीने हातात बॉल आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांवर मोजतो. आधी सहा सेकंदांचा नियम होता आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती देणारा रेफ्री क्वचितच दिसे. कॉर्नर देणं सोपं, म्हणून आता देतात.

आमचा गोली बॉल पकडला की छातीशी घट्ट धरून जमिनीवर आडवा होतो आणि तिथेच राहतो. चिखल असला की आणखी. पोरगा शूर आहे, बॉलवर उडी टाकताना समोर कुणाचा बूट आहे हे तो बघत नाही. पण उठायला त्याला वेळ लागतो आणि उठल्यावर बॉल कुणाला द्यायचा हे तो तेव्हा ठरवायला सुरुवात करतो. हा प्रसंग खरं तर त्याचा नाहीच. बॉल त्याच्या हातात गेल्या क्षणी दोन्ही फुलबॅक रेघेकडे उघडले पाहिजेत. ते न उघडल्याने आठ सेकंद जातात. लाईन्समन मोठ्याने मोजत होता: पाँच, चार, तीन. पहिल्या चार वेळा कॉर्नर. पाचव्या वेळी लेफ्ट बॅक आधीच रेघेवर, गोलीने झोपल्या जागेवरून उठता उठता हाताने बॉल टाकला.

गोल्यांना मी शंकर लक्ष्मण यांच्याबद्दल सांगतो. महूचे. हॉकीतले भारताचे दिग्गज गोली, १९५६ आणि १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण, १९६० चं रौप्य. टोकियोच्या फायनलमध्ये पाकिस्तानला १–० ने हरवलं तेव्हा गोलमध्ये तेच होते. पण सुरुवात त्यांनी फुटबॉलने केली, कोदरियाच्या क्लबकडून फुलबॅक. फौजेत बँडवाला म्हणून गेले, मराठा लाइट इन्फंट्रीत राहिले. फुलबॅक राहिलेल्या गोलीला समोरच्या बॅकची अडचण आतून माहीत असते, असा माझा तर्क आहे. म्हणून आठवड्यातून एकदा मी आमच्या गोलीला राईट बॅकला खेळवतो. त्याला ते मुळीच आवडत नाही.

शेवटी पेनल्टी. नेहमी शेवटी, पाय उचलत नसताना. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीचा सराव म्हणजे नुसती करमणूक. बरोबरी सुटत नसेल तर पेनल्टीवर निकाल लावायचं १९७० मध्ये नियमात आलं. त्याआधी नाणं उडवायचे. आमच्याकडे सगळे सेंटर सर्कलमध्ये उभे राहतात आणि एकेक जण तिथून चालत येतो. मारणं सोपं, ते तीस-पस्तीस मीटर चालणं कठीण. आज जो पोरगा सर्वात जोरात मारतो त्याने चालता चालता तीनदा बूट बघितला. त्याचं नाव पाचात घ्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पावणेसात

नळावर बूट धुवायला रांग. गेटवर गोलीच्या आई उभ्या, स्कूटर सुरूच.

"सर, हा परवा येणार नाही. क्लासची टेस्ट आहे."

"काकू, किती वाजता?"

"सहाला."

"साडेचारला पाठवा, साडेपाचला मी स्वतः सोडतो गेटवर."

"चिखलात लोळला की अंघोळ, जेवण, मग टेस्ट. कसं जमायचं?"

मी म्हटलं, परवा त्याला लोळवत नाही, फक्त उभं राहून खेळेल. त्यांना हे पटलं की नाही कळलं नाही. पण "बघते" म्हणाल्या, आणि आमच्याकडच्या आयांच्या 'बघते'मध्ये बऱ्याचदा होकार असतो. परवाचं कार्ड बदलायला हवं: गोलीला उडी न मारता खेळता येईल असा प्रसंग. फ्री किकवर भिंत लावणं. भिंतीला ९.१५ मीटर मागे उभं करायचं, तीन किंवा जास्त जण असले की समोरच्यांना भिंतीपासून मीटरभर लांब ठेवायचं, आणि हे सगळं गोलीने ओरडून लावायचं. कपडे कोरडे राहतील.

सव्वानऊ

जेवण झालं. टेबलावर पुन्हा पत्रिका. उद्या डावा बॅक मोकळा आहे, म्हणजे दहा माणसांचं कार्ड उद्या पहिलं. पाटीवर ०–०, अकरा मिनिटं, निळे एकाने कमी. त्याला पुढे पाठवायचं कॅप्टनला सुचतं का ते बघायचं. सुचलं नाही तर तिसऱ्या फेरीला मी सुचवीन, आधी नाही.

सोडताना मी पोरांना कोरी कार्डं दिली होती: तुम्हाला मॅचमध्ये ज्याची भीती वाटते तो सीन लिहा. तीनच परत आली. एकावर 'बारिश, ०–०, उनका कॉर्नर', ठीक. दुसऱ्यावर महूच्या एका शाळेचं नाव आणि पुढे काहीच नाही, तेही समजलं. तिसरं राईट बॅकच्या अक्षरात: 'स्कोअर १–१. टाइम ५ मिनट. बॉल हमारे पास. सर बाहर से चिल्ला रहे हैं. क्या करना है?'

स्कोअर आहे, वेळ आहे, बॉल कुणाकडे ते आहे. माणसांची संख्या राहिली, ती मी घातली: अकरा-अकरा. उद्या दुसऱ्या नंबरला हेच कार्ड. ओरडायचं काम लाईन्समनला देतो, त्याचा आवाज पलीकडच्या विंगरपर्यंत पोचतो.